हुद्दा : भाषा

आमच्या विहिरीला त्यांनी नापास केलं.
तिच्यावर निळी जाळी, पंप, पीव्हीसीचा पाइप,
कठड्यावर वाळत घातलेले शाळेचे मोजे.
"ही विहीर वाटत नाही," कॅमेऱ्यातून बघत एकजण म्हणाला,
आणि चार दिवसांत माडांच्या मधोमध
प्लायवुडची दुसरी उभी राहिली.
प्लास्टरचा जांभा, त्यावर ब्रशने काढलेलं शेवाळ.
रहाट तेवढा खरा, कुडाळच्या भंगारवाल्याकडचा.
खोली छातीएवढी. तळाला गादी,
कारण आठव्या भागात सून उडी मारणार होती.

त्यांच्या वहीत माझं नाव होतं :
विजयश्री कोचरेकर. रोज सातशे. हुद्दा : भाषा.

सून पुण्याची. गुणी पोर.
'खंय' म्हणताना तिचं नाक मध्ये यायचंच नाही.
मी तिला सुक्या बांगड्याचा वास घ्यायला लावला,
म्हटलं, बघ, इथून.
दुसऱ्या दिवशी आला तिला.

मग गाडी अडली 'पाणी हाड'वर.
हाड म्हणजे आण. अख्खं घर आमचं या शब्दावर चालतं :
मीठ हाड, कोयतो हाड,
बापाशीक हाड रे घराक, जेवान निवता.
"ताई, लोकांना वाटेल, कुत्र्याला हाकलतेय.
अकोल्यात कळायला हवं. मालवणी जरा कमी करा."
किती कमी?
त्याने चिमूट दाखवली, मिठाची दाखवतात तशी.
शेवटी ठरलं : 'पाणी आणूक ये.'
असं कोणी बोलत नाही.
मी म्हटलं, चालेल.
होडीचं इंजिन मालवणात उघडून पडलं होतं.

मालिका लागली.
रापणीची वाटणी साडेसातच्या आत उरकू लागली.
शांबा तांडेल, ज्याचा नांगर शिवीशिवाय
कधी पाण्यात पडला नाही,
तो सुनेला 'सूनबाय' म्हणू लागला, तेही हात मागे बांधून.
ती बिचारी घाबरली. दोन दिवस माहेरी जाऊन राहिली.
आणि माझा गौरांग, सातवीतला,
दप्तर टाकता टाकता म्हणाला, "आये, पाणी आणूक ये."
मी तांब्या दिला.
काय बोलणार? वाक्य मीच विकलेलं.

आता माणसं येतात. नगरहून, कराडहून,
रहाटाला टेकून मान कलती करतात,
गादीवर नाणी टाकतात, डोळे मिटून.
खऱ्या विहिरीपाशी चपला काढून पाय धुतात.
मी सोलकढी विकते, चाळीसला ग्लास.
एक बाई हिरमुसून म्हणाली,
"तुम्ही त्यांच्यासारखं नाही हो बोलत."
तेव्हापासून गिऱ्हाइकापुढे मी त्यांच्यासारखं बोलते.
रात्री जबडा दुखतो,
नवी चप्पल चावल्यासारखा.

नाण्यांमध्ये तांबडी कोंबडी अंडी घालायला लागली.
मला बरंच वाटलं,
कुणाच्या तरी उपयोगी पडली ती विहीर.

परवा तिन्हीसांजेला वाकून बघते
तर अंड्यांना वेटोळं घालून हातभर जाड धामण,
कोंबडी रहाटावर चढून केकाटतेय.
माझ्या तोंडून निघालं, "गौऱ्या, काठी हाड!"

आणि तो आला.
थबकला नाही, अर्थ विचारला नाही,
न्हाणीमागची वेळवाची काठी घेऊन
अनवाणी, धापा टाकत.
"खंय? खंय आसा?"
तिघं होतो आम्ही तिथे, धामण धरून,
आणि कोणीच मालिकेतलं बोलत नव्हतं.

धामण फटीतून निघून गेली, एक अंडं पोटात घेऊन.
गौरांगने उरलेल्याचा व्हिडिओ काढला :
गादी, नाणी, फुटलेली दोन अंडी,
मागे माझा ओरडल्यामुळे बसलेला आवाज.
रात्री त्यावर अक्षरं चिकटवत बसला.
मी खांद्यावरून वाचलं :
'आई म्हणाली, काठी आणूक ये.'

"मी असा म्हटलंय?"
"नाय गो. पण लोकांक कळाक होया ना."

सकाळपर्यंत नऊशे बदाम.
काठी अजून त्या विहिरीतच पडली आहे.